आधी फाइल वाचणारा वकील

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यासाठी वकील शोधणाऱ्याला नागपुरात वरवर पाहता काहीच अडचण येऊ नये. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ, जिल्हा न्यायालय, जिल्हा ग्राहक आयोग आणि राज्य ग्राहक आयोगाचे परिक्रमा खंडपीठ हे सारे याच शहरात आहे, आणि प्रत्येक घराच्या ओळखीत एखादे वकीलसाहेब असतातच. तरीही रुग्णाचे कागद स्वतः वाचून, त्यातले वैद्यकशास्त्र समजून घेऊन मत देणारा वकील शोधताना दमछाक होते, हे मी माझ्या मामेबहिणीसाठी वकील शोधताना जवळून पाहिले आहे.

तिच्या यजमानांची पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया येथील एका खासगी रुग्णालयात झाली. पोट फुगलेले होते आणि उलट्या थांबलेल्या नव्हत्या, तरी त्यांना घरी सोडण्यात आले. पुढे कावीळ वाढत गेली, दुसऱ्या रुग्णालयात पोटात पित्त साचल्याचे आढळले आणि पित्तनलिकेला इजा झाल्याचे निदान झाले. नलिका आतड्याला जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. कुटुंब भंडाऱ्याचे, कमावता माणूस अंथरुणाला खिळलेला, आणि मनात संताप दाटलेला. अशा मनःस्थितीत वकिलाने दाखवलेला आत्मविश्वास हीच त्याची योग्यता वाटू लागते, आणि धोका नेमका तिथे असतो.

एका वकिलांनी फाइल न उघडताच मोठ्या रकमेचा दावा लावू आणि डॉक्टरांना धडा शिकवू, असे सांगितले. त्यानंतर ज्यांच्याकडे गेलो त्यांनी पहिल्या भेटीत आश्वासन असे काहीच दिले नाही. त्यांनी बहिणीला विचारले, "ताई, घरी सोडलं त्या दिवशीच्या नर्सिंग नोट्स आहेत का? ताप किती होता, बिलिरुबिन तपासलं होतं का, सोनोग्राफी केली होती का?" मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितले की, पित्तनलिकेला इजा होणे ही या शस्त्रक्रियेतील ज्ञात गुंतागुंत आहे, ती कुशल शल्यविशारदाच्या हातूनही होऊ शकते आणि केवळ तेवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. खरा प्रश्न असा आहे की इजेची लक्षणे समोर असताना ती ओळखण्याचा प्रयत्न झाला की नाही, आणि शस्त्रक्रियेपूर्वी या धोक्याची कल्पना देऊन संमती घेतली होती की नाही. बहिणीला ते ऐकून वाईट वाटले, कारण तिला वकील आपल्या बाजूने बोलायला हवे होते. पण माझ्या मते तिच्या बाजूने बोललेले पहिले वाक्य हेच होते, कारण समोरच्या पक्षाचा बचाव नेमका याच मुद्द्यावर उभा राहणार आहे आणि तो ज्याला आधी दिसतो, त्यालाच त्याचे उत्तर तयार करता येते.

म्हणून वकिलाकडे जाण्यापूर्वी संपूर्ण फाइल हाती असावी, निव्वळ डिस्चार्ज कार्ड नव्हे. संमतीपत्र, शस्त्रक्रियेची नोंद, भूलतज्ज्ञाची नोंद, नर्सिंग चार्ट, तपासण्यांचे अहवाल आणि बिले यांच्या प्रती रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून मागाव्यात. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार अशी मागणी झाल्यावर 72 तासांच्या आत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपून ठेवण्याचे बंधनही त्यांत आहे. अर्जाची पोच अवश्य घ्यावी. नोंदी नाकारल्या गेल्या, तर ती पोचच पुढे पुरावा ठरते.

दाव्याचा मंच कोणता, याचे उत्तर वकिलाने आजच्या कायद्यावरून द्यायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, मात्र जिथे सर्वच रुग्णांवर विनामूल्य उपचार होतात त्या रुग्णालयांना वगळले. त्यामुळे उपचार मेडिकल किंवा मेयोसारख्या शासकीय रुग्णालयात झाले असतील, तर आयोगाकडे जायचे, दिवाणी दावा करायचा की उच्च न्यायालयात रिट याचिका करायची, हा प्रश्न वकिलाने सर्वांत आधी सोडवला पाहिजे. खासगी रुग्णालयाबाबत 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दोन महत्त्वाचे बदल केले. आता आयोगाची पायरी मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, तर सेवेसाठी मोजलेल्या मोबदल्यावर ठरते; तो 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच जाते, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही लागत नाही. दुसरे म्हणजे, तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते. गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळहून नागपूरला उपचारासाठी येणाऱ्या असंख्य कुटुंबांसाठी ही फार मोठी सोय आहे. आमच्यापुढेही भंडारा आणि नागपूर असे दोन पर्याय होते. नंतरचे उपचार करणारे डॉक्टर नागपुरात होते आणि अपील झाले तर तेही येथील परिक्रमा खंडपीठापुढेच चालणार होते, म्हणून आम्ही नागपूर निवडले. पण एकट्या वृद्ध तक्रारदाराला मी आपल्याच जिल्ह्यातील वकील पाहायला सांगेन, कारण तारखा अनेक पडतात.

आधी पोलिसांत गुन्हा नोंदवून दबाव आणू, असा सल्ला काही जण देतात. मला तो मनापासून अयोग्य वाटतो. जेकब मॅथ्यू प्रकरणात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा अतिशय गंभीर स्वरूपाचा असावा लागतो आणि पोलिसांनी त्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे. जिथे तसा गंभीर प्रकार घडला असेल तिथे फिर्याद जरूर करावी, परंतु तडजोडीचे हत्यार म्हणून ती वापरू पाहणारा वकील मूळ भरपाईचा दावा कमकुवत करतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करण्याचा मार्ग वेगळा आहे. तिथे डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते, भरपाई मिळत नाही.

तज्ज्ञाचे मत कोठून आणणार, हा प्रश्न मात्र वकिलाला थेट विचारावा. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात म्हटले आहे. पोटात कापड राहिले असेल तर चूक कोणालाही दिसते. पण पित्तनलिकेच्या इजेसारख्या प्रकरणात शल्यविशारदाचे लेखी मत नसेल तर दावा डळमळतो. एकाच शहरातील डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहून द्यायला सहसा तयार होत नाहीत, त्यामुळे बाहेरगावच्या किंवा निवृत्त प्राध्यापकांपर्यंत पोहोचण्याची तयारी वकिलाकडे हवी. त्याच बैठकीत वकिलांनी हे रुग्णालय, तो डॉक्टर किंवा त्यांच्या व्यावसायिक विम्याची कंपनी यांच्यासाठी कधी काम केले आहे का, हेही विचारावे. प्रामाणिक वकिलाला या प्रश्नाचा राग येत नाही.

फीबद्दल संकोच करू नये. मसुद्याची फी, तारखेची फी आणि तज्ज्ञाचा खर्च वेगवेगळा लिहून घ्यावा. मिळणाऱ्या भरपाईत टक्केवारी ठरवणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनुसार निषिद्ध आहे, त्यामुळे असा प्रस्ताव कितीही आकर्षक वाटला तरी तो देणाऱ्यापासून दूर राहावे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लागता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो, ही माहिती गरजू घरांपर्यंत पोहोचतच नाही, याची मला खंत वाटते.

हे सर्व करताना मुदतीकडे डोळेझाक होता कामा नये. ग्राहक आयोगात तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांत जावे लागते. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते आणि माफी मिळेलच असे नाही. रुग्णाचे उपचार, दुसरी शस्त्रक्रिया, घरची ओढाताण यांत यातला बराचसा काळ निघून जातो. बहिणीने वकीलपत्रावर सही करण्याआधी वकीलसाहेबांनी त्यांच्या डायरीत मुदत संपण्याची तारीख लिहिली आणि तीच तारीख तिलाही लिहून दिली. तक्रार त्या तारखेच्या पुष्कळ आधी दाखल झाली असून सध्या रुग्णालयाच्या लेखी जबाबावर आमचे प्रतिज्ञापत्र तयार होत आहे.