लोणचं २९ मध्ये, मसाला ३० मध्ये

आमचा गृहउद्योग कुडाळजवळचा. आई आणि बायको कोकम सरबत, तळलेले गरे, आंबापोळी, लोणचं, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला करतात. पिशवी कुठलीही असो, नाव एकच. ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचं ठरलं आणि कागदपत्रांचं काम माझ्या गळ्यात पडलं.

अर्जात पहिलाच प्रश्न येतो तो वर्गाचा. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांची गटवारी करणारा नीस करार हा १९५७ चा आंतरराष्ट्रीय करार; त्यावर आधारलेले हे ४५ वर्ग. पहिले ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. भारत करारात अधिकृतपणे आला २०१९ साली, पण आपल्याकडे हीच वर्गवारी त्याआधीपासून वापरात होती.

गंमत अशी की ‘खाद्यपदार्थ’ असा वर्गच यात नाही. झाडावरून उतरवलेला हापूस ३१ मध्ये, कारण तो ताजा. त्याचीच आंबापोळी घातली की ती २९ मध्ये; टिकवलेली, सुकवलेली, शिजवलेली फळं-भाज्या तिथे. गरे आणि लोणचंही तिथेच, आणि शेजारी मांस-मासळी. आईला हे वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "मटणाच्या पंगतीत माझां लोणचां कित्याक?" पीठ आणि मसाला मात्र ३० मध्ये, चहा-कॉफीसोबत. तोंडी लावायची चटणीही ३० मध्येच, म्हणजे ताटात एकमेकांना खेटून बसणारी चटणी आणि लोणचं कागदावर वेगळी. आणि सरबत ३२ मध्ये. त्या वर्गाच्या मथळ्यातला पहिला शब्द बिअर! हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

एका एजंटने यात ३५ आणि ४३ जोडायचा आग्रह धरला. ४३ खाणावळ-हॉटेलांसाठी; आम्ही कुणाला जेवू घालत नाही. ३५ मध्ये दुकानदारी येते खरी, पण ती इतरांचा माल विकण्याची सेवा म्हणून. आपलाच माल आपण विकतो, त्याला २९, ३०, ३२ पुरे. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी दर वर्गामागे ४,५०० रुपये सरकारी फी आहे. तीन वर्गांचे १३,५०० झाले. उगाच दोन वर्ग वाढवून ९,००० कशाला घालवायचे?

अर्ज भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर वर्गवार शोध घेतला. ३० मध्ये उच्चाराने जवळचं एक नाव निघालं, बिस्किटांसाठी. इथे सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नंदिनी निकाल धीर देऊन गेला. कर्नाटक दूध महासंघाचं ‘नंदिनी’ आणि बेंगळुरूच्या उपाहारगृहाचं ‘नंधिनी’ यांच्यातला तो वाद. माल एकाच वर्गात मोडतो एवढ्यावरून अख्ख्या वर्गावर कुणाची मक्तेदारी होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. याची दुसरी बाजूही आहे: वर्ग वेगळा म्हणून माणूस सुटतोच असं नाही. माल एकमेकांशी निगडित असेल तर हरकत येऊ शकते. म्हणून वर्गाच्या आकड्यापेक्षा मालाचं वर्णन नेमकं लिहिण्यावर मी जास्त वेळ घातला.

सध्या वेष्टनावर ‘टीएम’ (ट्रेडमार्कचं लघुरूप) छापतो. गोलातला ‘आर’ नोंदणी झाल्याशिवाय छापायला कायद्याने मनाई आहे.

आता बायको दिवाळीला चकली काढू म्हणते. ती ३० मध्येच बसते, पण आमच्या वर्णनात चकली नाही आणि दाखल केलेल्या अर्जात नवा माल वाढवता येत नाही. त्यामुळे नवा अर्ज, आणखी ४,५०० रुपये. आधी चकली खपते का ते बघू, असं ठरलंय.