नवतपा, ऑइल पेंट आणि आईचं कपाट

आईच्या लग्नातलं लोखंडी कपाट मी घरीच रंगवलं. गंज खरवडणं, रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर), पुट्टी, घासणं, हे दोन दिवसांत बिनबोभाट झालं. घोळ झाला तो दुसऱ्या हाताला.

नागपुरात नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, ऑइल पेंट लावायचा नसतो. मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, भाचीचं बारसं तोंडावर होतं. सकाळी पहिला हात मारला. पारा 45च्या घरात. दुपारी 3 वाजता बोट लावलं तर कोरडा ठणठणीत. डब्यावर लिहिलं होतं, रात्रभर वाळू द्या. म्हटलं, हे पुण्या-मुंबईच्या हवेसाठी असेल! 4 वाजता दुसरा हात दिला, तोही चांगला जाड. तासाभरात दारावर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या. त्यात कूलर सुरूच होता, ताट्यांमधली धूळ आणून त्यानं वर चिकटवली.

शेजारचे काका आयुष्यभर पेंटर होते. बघून म्हणाले, "काहून घाई केली बे? वरून वाळला म्हणजे आतून वाळला का?" हा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. उन्हाळ्यात वर पापुद्रा लवकर धरतो, खाली कच्चाच राहतो. त्यावर नवा रंग पडला, की त्यातल्या टर्पेंटाइननं खालचा फुगतो.

त्याच रात्री घासायला बसलो, तर पॉलिश पेपर चिकटून वाया. मग 5 दिवस नुसतं थांबणं. साड्या पलंगावर, आई रोज विचारणार, "झालं का?" बारसं कपाटावर चादर टाकून उरकलं.

नख दाबून वण उठेना, तेव्हा 320चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून घासलं. लोखंड दिसलं तिथं लगेच पुसून पुन्हा रेड ऑक्साइड. मग पहाटे, कूलर बंद करून, फरशी ओल्या फडक्यानं पुसून, दोन पातळ हात. मध्ये पूर्ण एक दिवस.

हो, रंग जुन्या ओढणीतून गाळून घ्या. आणि दुकानदार एनसी थिनर (लॅकरमध्ये घालायचा, टर्पेंटाइनपेक्षा जहाल) पुढे करेल, घेऊ नका. जुना ऑइल पेंट त्यानं उचलला जातो. दारं काढून आडवी ठेवली तर ओघळ येत नाहीत, हे मला शेवटच्या हाताला सुचलं.

डाव्या बाजूला एक सुरकुती राहिलीच. ती बाजू भिंतीकडे केली.