वेग पुरे, आता जागा वाढवा

उच्च श्रेणीच्या डेस्कटॉपकडून काय काय हवं याची यादी करायला घेतली की पहिल्या ओळीत हात सवयीने ‘आणखी वेगवान प्रोसेसर’ लिहून मोकळा होतो. आज ती ओळ खोडून टाकली. सोळा कोअरचा (एकाच वेळी वेगवेगळं काम करू शकणाऱ्या सोळा भागांचा) प्रोसेसर आता साध्या मदरबोर्डवर बसतो आणि बहुतेक कामांत त्यातले अर्धेअधिक कोअर रिकामेच असतात. एखाद्या कामाचा ९० टक्के भाग कोअरांमध्ये वाटता येतो असं धरलं, तर १६ कोअरवर ते एका कोअरच्या ६.४ पट वेगाने होतं आणि ३२ कोअरवर ७.८ पट. कोअर दुप्पट केले, बोर्ड महागडा घ्यावा लागला, वीज वाढली आणि पदरात पडले बावीस टक्के. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण आकडा ३ टक्क्यांवर आणि काम मात्र रखडलेलं, असं दिसलं तर समजावं की सोळा कोअरच्या ३२ थ्रेडपैकी (थ्रेड म्हणजे कामाची एक साखळी, प्रत्येक कोअर अशा दोन चालवतो) एकच थ्रेड जीव तोडून पळतोय. आलेखावर राइट-क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा आलेख वेगळा लावावा. विंडोज तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे चौकटी आळीपाळीने भरताना दिसतात. अशा कामाला आणखी कोअर घेऊन काडीचा फरक पडत नाही.

मागणी आहे ती जागेची. रॅमला जागा, कार्डांना जागा, ग्राफिक्स कार्डावर मेमरी, आणि काही वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून भागावं इतकी मुभा.

आधी रॅम. बोर्डावर चार स्लॉट दिसतात, म्हणजे चारही भरावेत असं वाटणारच. डीडीआर५ या सध्याच्या पिढीच्या रॅममध्ये हे अंगाशी येतं. आपल्या रायझन ९००० मालिकेच्या प्रोसेसरांसाठी एएमडीने स्वतः दिलेली मर्यादा अशी: दोन मॉड्यूल (रॅमच्या पट्ट्या) असतील तर वेग ५६०० (सेकंदाला इतकी दशलक्ष हस्तांतरणं), चारही भरले तर ३६००. साध्या बोर्डावर मेमरीचे चॅनेल (प्रोसेसरपर्यंतच्या वाटा) दोनच असतात, त्यामुळे चार स्लॉट भरणं म्हणजे एकाच चॅनेलच्या तारांवर दोन-दोन मॉड्यूलांचा भार टाकणं. इतक्या वेगाला तारेचा प्रत्येक जादा फाटा सिग्नल परतवतो, आणि मग कंट्रोलरला वेग उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यामुळे हवी तेवढी क्षमता दोनच मॉड्यूलांत बसवावी: ४८ जीबीची दोन म्हणजे ९६, किंवा ६४ची दोन म्हणजे १२८. ती प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायची. बोर्डावर तिथे ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. पहिल्या-तिसऱ्यात लावली तर तारेचं टोक मोकळं राहतं आणि जाहीर केलेला वेग टिकत नाही, कधी कधी मशीन सुरूच होत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं पडदा काळा राहतो. बोर्ड मेमरीची वेळापत्रकं जुळवत असतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. क्षमता जितकी जास्त तितका वेळ जास्त. घाबरून बटण दाबून बंद केलं की सगळं पहिल्यापासून सुरू. बोर्डावर मेमरीचा छोटा ‘डीरॅम’ दिवा असेल तर तो पेटलेला राहील, आणि तो पेटलाय म्हणून मॉड्यूल खराब आहे असं नाही. मशीन उठल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लावणारी सोय, चालू करायची, नाहीतर पैसे ६०००चे आणि वेग ४८००चा. जुन्या जोडीसारखीच दुसरी जोडी नंतर आणून घालण्याचा मोह टाळलेला बरा. पाकिटावर नाव तेच असलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, आणि त्या वेगाची चाचणी एका पाकिटातल्या मॉड्यूलांपुरतीच झालेली असते. स्वस्तात मिळतात म्हणून सर्व्हरमधली रजिस्टर्ड मॉड्यूलंही घेऊ नयेत. डीडीआर५मध्ये त्यांची खाच वेगळ्या जागी असते आणि त्यांना १२ व्होल्ट लागतात, साध्यांना ५. बसणारच नाहीत.

यावर उपाय कागदावर तयार आहे. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ नावाचं मॉड्यूल प्रमाणित केलं. ते बोर्डावर आडवं बसतं, स्क्रूने आवळलं जातं आणि तारा आखूड राहतात. डेस्कटॉप बोर्डांवर हे सर्रास यावं, ही यादीतली पहिली इच्छा. दुसरी, ईसीसी, म्हणजे मेमरीतली चूक ओळखून सुधारणारी सोय. डीडीआर५च्या जाहिरातीत जे ‘ऑन-डाय ईसीसी’ लिहितात ते चिपच्या आतल्या चुकांपुरतं. चिप ते प्रोसेसर या वाटेवर बिट उलटला तर त्याला पत्ताही लागत नाही. खरं ईसीसी हे महागड्या वर्कस्टेशनचं वैशिष्ट्य म्हणून राखून ठेवायचं काही तांत्रिक कारण मला दिसत नाही.

आता लेन, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डं-एसएसडी यांच्यातल्या डेटाच्या वाटा. एएमडीच्या एएम५ बोर्डावर बसणाऱ्या रायझन ९००० प्रोसेसरमधून पीसीआयई ५च्या (या जोडणीच्या पाचव्या पिढीच्या) २८ लेन निघतात. १६ ग्राफिक्स कार्डाला, चार-चार दोन एसएसडींना, उरलेल्या चार चिपसेटकडे, म्हणजे बाकीच्या जोडण्या सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या चिपकडे. बोर्डावर दिसणारे बाकीचे एम.२ स्लॉट (एसएसडीचे), साटा (जुन्या पद्धतीची डिस्कजोडणी), नेटवर्क आणि बहुतेक यूएसबी त्या शेवटच्या चार लेनमधूनच ये-जा करतात, आणि सध्याच्या चिपसेटशी ती जोडणी चौथ्या पिढीची आहे, म्हणजे सगळ्यांत मिळून सेकंदाला जेमतेम ८ जीबी. पाच एम.२ असलेला बोर्ड बघून हुरळून जाण्याआधी मॅन्युअलमधला बारीक टाइपातला तक्ता वाचावा. अमुक स्लॉटमध्ये एसएसडी घातली तर ग्राफिक्स कार्ड ८ लेनवर येईल, तमुक भरला तर दोन साटा बंद, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच कोणी वाचत नाही. कार्डाला किती लेन मिळाल्या ते जीपीयू-झेड या प्रोग्राममधल्या बस इंटरफेसच्या रकान्यात बघायचं, पण कार्डावर काम चालू असताना. रिकामं असताना ते वीज वाचवायला मुद्दाम खालच्या पिढीवर उतरतं. पाचव्या पिढीच्या ८ लेन चौथ्या पिढीच्या १६ इतक्याच भरतात, त्यामुळे एका कार्डापुरती त्याची फार चिंता नको. अडचण दुसऱ्या कार्डाला होते. त्यात हल्लीची कार्डं तीन-साडेतीन स्लॉट जाड, म्हणजे खालचे स्लॉट असूनही झाकलेले.

जादा लेन हव्या असतील तर आज वाट एकच: एएमडीच्या थ्रेडरिपरसारखी वर्कस्टेशनची पायरी चढायची. ७००० मालिकेचा साधा थ्रेडरिपर पाचव्या पिढीच्या ४८ लेन देतो. पण त्यासोबत महागडा बोर्ड, तीच रजिस्टर्ड रॅम, चार चॅनेल भरायला चार मॉड्यूल आणि वेगळा कूलर. मला हव्यात फक्त सोळा जादा लेन, त्यासाठी अख्खा मजला विकत घ्यावा लागतो.

ग्राफिक्स कार्डाच्या किमतीवर चिडण्याआधी आकडे मांडून बघितले. २०१७ मध्ये जीटीएक्स १०८० टीआय ६९९ डॉलरला जाहीर झालं, २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० हे १,९९९ डॉलरला. यातला काही भाग रास्त आहे. आधीच्याची चिप ४७१ चौरस मिलिमीटरची होती, आताची सुमारे ७५० चौरस मिलिमीटरची आणि कितीतरी महाग प्रक्रियेवर बनलेली. चिप ज्या सिलिकॉनच्या तबकडीवर बनतात त्या ३०० मिलिमीटरच्या वेफरवर एवढ्या मोठ्या चिप जेमतेम सत्तर मावतात, आणि वेफरवर कुठेही दोष निघाला की त्याखाली आलेली चिप एकतर बाद होते किंवा काही भाग बंद करून खालच्या दर्जाची म्हणून विकावी लागते. एएमडीने २०१९ मध्ये रायझन ३०००चे कोअर सुमारे ७४ चौरस मिलिमीटरच्या छोट्या तुकड्यांत कापले ते याचसाठी. तसे तुकडे एका वेफरवर आठशेच्या वर बसतात.

पण मेमरीचं गणित मला पटत नाही. कार्डावरची प्रत्येक मेमरी चिप ३२ बिटांची वाट घेते. ५०९०च्या आधीच्या आरटीएक्स ४०९०ची वाट ३८४ बिटांची, म्हणून बारा चिप, दोन-दोन जीबीच्या: २४ जीबी. ५०९०ची ५१२ बिटांची, म्हणून सोळा चिप: ३२ जीबी. ५०९०च्याच जीबी२०२ या ग्राफिक्स चिपवर आरटीएक्स प्रो ६००० नावाचं कार्ड निघतं. त्यावर तीन-तीन जीबीच्या चिप बोर्डाच्या दोन्ही बाजूंना लावून ९६ जीबी केलेत आणि किंमत कित्येक पटींनी चढी. म्हणजे जागा आहे, वाट आहे, चिपही तीच. दारावर माणूस बसवलाय. ॲपलकडेही असंच. २०१९च्या मॅक प्रोमध्ये रॅमचे १२ स्लॉट होते आणि वरच्या झिऑन प्रोसेसरसोबत दीड टीबीपर्यंत मजल जायची. २०२३च्या मॅक प्रोत कमाल १९२ जीबी, तीही चिपसोबत कायमची जोडलेली. नवा बराच वेगवान आहे, हे मान्य. पण खरेदीच्या दिवशी जो आकडा निवडला तोच मशीनच्या मरणापर्यंत.

मोठ्या मेमरीसाठी जुनं आरटीएक्स ३०९० घेण्याचा सल्ला बरेच जण देतात, आणि २४ जीबीसाठी तो वाईट नाही. एकच खबरदारी. त्या कार्डावर एक-एक जीबीच्या २४ चिप आहेत, त्यातल्या बारा पाठीमागच्या बाजूला. मागे पंखा नाही, नुसती पट्टी. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये मेमरी जंक्शनचं (मेमरी चिपच्या आतलं) तापमान बघत अर्धा तास भार द्यावा. ते ११० अंशांला टेकून वेग पडत असेल तर थर्मल पॅड (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारे मऊ तुकडे) सुकलेत. ते बदलता येतात, पण पॅडची जाडी त्या विशिष्ट कार्डाची माहीत करूनच. जाड पॅड घातला तर मेमरीचं काम होतं आणि मधल्या चिपला हीटसिंक टेकत नाही.

विजेबद्दल थोडक्यात. ५०९० एकटं ५७५ वॅटचं आहे. सोळा पिनांच्या त्या कनेक्टरमधून ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, सहा तारांत वाटून प्रत्येकी ८.३, पिनेची क्षमता साडेनऊच्या आसपास. एका पिनेचा संपर्क सैल झाला की तिचा वाटा बाकीच्यांवर जातो आणि प्लास्टिक वितळतं. कनेक्टर आणि कार्ड यांच्यात फट दिसेनाशी होईपर्यंत दाबायचा, आणि पहिले साडेतीन सेंटिमीटर वायर सरळ ठेवायची. कॅबिनेटची काच बंद करताना वायर दाबली जात असेल तर कॅबिनेट अरुंद आहे. माझी इच्छा तर कार्डावर दोन कनेक्टर द्यावेत इतकी साधी आहे. तोवर पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून ठेवावी. वेग थोडाच घटतो आणि उष्णता भरपूर कमी होते. रायझन ९ ७९५०एक्सलाही हाच न्याय: इको मोडमध्ये २३० वॅटची मर्यादा १४२वर आणली तरी रेंडरिंगमध्ये फारसं अडत नाही.

किमती कशा उतरतात याचं उदाहरण फार जुनं नाही. इंटेलचा १८ कोअरचा आय९-९९८०एक्सई १,९७९ डॉलरचा होता. २०१९ मध्ये जवळपास तसाच आय९-१०९८०एक्सई ९७९ डॉलरला आला. सिलिकॉन रातोरात स्वस्त झालं नव्हतं, समोर १६ कोअरचं रायझन उभं होतं. सर्वात वरच्या ग्राफिक्स कार्डासमोर आज असं कोणी उभं नाही.

सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा, टिकवणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी भावकपात. एएमडीच्या एएम४ या एएम५च्या आधीच्या सॉकेटचे २०१७चे कित्येक बोर्ड नव्या बायोसनंतर २०२२चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालवतात. बोर्ड, रॅम, कूलर सगळं तसंच. उलट त्याच २०१७ मध्ये इंटेलने पिनांची संख्या तीच ठेवून आठव्या पिढीसाठी नवा बोर्ड घ्यायला लावला. एएम४वर असा बदल करायचा तर क्रम चुकवू नये. जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अपडेट करायचं, कारण जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर आधी स्थगित करून रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवायची. प्रोसेसर बदलला की त्यातलं टीपीएम (कुलपाची किल्ली जपणारा भाग) बदलतं आणि विंडोज ती की मागतं. मग दहा मिनिटं मशीनवर भार टाकायचा, म्हणजे थर्मल पेस्ट मऊ होते, आणि बंद करून, वीज काढून, कूलर उचलण्याआधी डावीकडे-उजवीकडे हळूच पिळायचा. सरळ वर ओढला तर सॉकेटचं लीव्हर बंद असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो, आणि त्याच्या १,३३१ पिनांतल्या काही वाकतात.

एसएसडीसाठी यादीत ओळ नाही. सेकंदाला १४ जीबी वाचणारी एसएसडी छोट्या विखुरलेल्या फायली एकेक करून वाचताना शंभर एमबीच्या आतबाहेरच घोटाळते. जुनी साडेतीन जीबीवाली रोजच्या वापरात तिच्याहून वेगळी वाटत नाही.

रॅमच्या किमती मात्र उलट्या दिशेने निघाल्यात. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते, आणि एआयच्या सर्व्हरांना लागणारी एचबीएम ही खास वेगवान मेमरी तेवढ्याच क्षमतेसाठी डीडीआर५च्या सुमारे तिप्पट वेफर खाते. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी ‘असू दे जास्तीची’ म्हणून रॅम घेण्यात अर्थ नाही. सगळ्यात जड काम चालू करून टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘कमिटेड’चा डावीकडचा आकडा बघावा. तो बसवलेल्या रॅमपेक्षा कमी असेल तर नवीन मॉड्यूल नुसतंच बसून राहील. तो जास्त असेल तरी लगेच पाकीट काढू नये, कारण प्रोग्राम गरजेपेक्षा जास्त मेमरी बोलून ठेवतात. रिसोर्स मॉनिटरमध्ये ‘हार्ड फॉल्ट’ (रॅमऐवजी डिस्कवरून वाचावं लागणं) सतत शेकड्यांत चालू असतील तरच ती खरोखर अपुरी आहे. ग्राफिक्स कार्डाच्या पानावर ‘शेअर्ड’ मेमरी चढायला लागली आणि काम अचानक मंदावलं, तर कमतरता कार्डावरच्या मेमरीची आहे, आणि तिथे रॅम कितीही वाढवली तरी ती भरून निघत नाही.