रिकामा वर आलेला गळ

सकाळी साडेपाचला बोट सुटली तेव्हा धक्क्यापाशी पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. आम्ही चौघे, बोट चालवणारे तांडेल आणि त्यांचा खलाशी. बोट दिवसभरासाठी भाड्याने घ्यायची, किनारा दिसेनासा होणार नाही इतपत आत जायचं, गळाने मासे धरायचे आणि संध्याकाळपर्यंत परतायचं, असा हा प्रवास. मी तो आजवर तीनदा केला. तिन्ही वेळा बोट तीच आणि तांडेलही तेच.

पहिली खेप दोन तासांत आटोपली. निघताना ओहोटीचं पाणी आणि वारा दोन्ही समुद्राकडे चालले होते, म्हणून बोट तरंगत गेल्यासारखी गेली. मग वारा फिरला. पाणी अजून बाहेरच धावत होतं आणि वारा समोरून त्याच्यावर आला. असं झालं की लाटा उंच होतात आणि त्याहून वाईट म्हणजे एकीला लागून एक येतात. बोट एका लाटेवरून उतरून सावरते तोच पुढची उभी. मला बोट लागली. आधार वाटेल म्हणून मी केबिनमध्ये जाऊन बसलो आणि तिथेच चुकलो. तोल सांभाळणारा कानातला भाग सांगत होता की आपण हलतोय, डोळ्यांपुढच्या फळ्या मात्र स्थिर, आणि या दोघांचा मेळ काही बसेना. खलाशाने दंडाला धरून मला बाहेर आणलं, बोटीच्या मागच्या भागात मधोमध बसवलं आणि म्हणाला, "नजर क्षितिजावर ठेवा, खाली बघू नका." तेवढ्यात तांडेलांनी कुणाला न विचारता बोट वळवली. एकही गळ पाण्यात पडला नव्हता. तरी त्या दिवसाला मी वाईट म्हणत नाही.

वाईट दिवस दुसऱ्या खेपेचा.

अष्टमी उलटून एक दिवस झालेला, म्हणजे भांग, लहान भरती-ओहोटीचे दिवस. पाण्याला ओढ कमी, त्यामुळे दोरीला वजन म्हणून बांधलेलं शिसं वाहून न जाता सरळ तळ गाठायचं. फिश फाइंडरच्या पडद्यावर 17 वावांवर, म्हणजे साधारण 31 मीटरवर, खडक उठून दिसत होता आणि त्याच्या अंगाला माशांचे ठिपके. आमचे गळ गोल वळणाचे होते. तांडेल पुन्हापुन्हा बजावत होते, "हिसका देऊ नका. दोरी ताणली गेली की नुसतं गुंडाळत राहा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो." तसंच झालं. तांबोशी आली, मग हेकरू, पुन्हा हेकरू. दुपारपर्यंत बर्फाची पेटी भरत आली आणि आम्ही आरडाओरडा करत होतो.

मग माझ्या गळाला वीतभर लांबीचं हेकरू लागलं. इतकं लहान ठेवायचं नाही, म्हणून गळ सोडवून मी ते पाण्यात टाकलं आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात दुसरं आमिष लावायला लागलो. मित्राने हाक मारली. हेकरू तिथेच होतं, पोट आभाळाकडे करून. तोंडातून गुलाबी फुगा बाहेर आलेला, डोळे खोबणीतून पुढे आलेले, कल्ले उघडमीट करत होते. ते खाली जायची धडपड करायचं आणि पुन्हा वर यायचं. बोटीपासून वीसेक फुटांवर एक समुद्रपक्षी उतरला. मी तोंड फिरवलं.

कारण तांडेलांनी परतीच्या वाटेवर सांगितलं, बाकीचं मी नंतर वाचून काढलं. दर 10 मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. 31 मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट. हेकरूच्या अंगात हवेची पिशवी असते आणि ती बंद असते, घशावाटे हवा सोडायची सोय त्याला नाही. वर ओढलं की आतली हवा चौपट फुगायला बघते आणि पोट तोंडावाटे बाहेर ढकललं जातं. म्हणजे तो गुलाबी फुगा हवेची पिशवी नसून पोट असतं. काही जण तोच सुईने फोडतात आणि माशाला आणखी इजा करतात. शिवाय बरीचशी हेकरू जन्मतः मादी असतात, पुढे मोठी झाल्यावर नर होतात. मोठी आम्ही पेटीत घातली होती आणि लहान पाण्यावर मरायला सोडली होती. त्या दिवशी अशी सहा सोडली. मी मोजली होती.

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"विचारतं कोण? लोकांना पेटी भरलेली हवी असते," तांडेल म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःहून एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. दीडेक किलोचं शिसं आणि त्याला टोक खाली करून उलटा बांधलेला मोठा गळ, टोकाजवळचा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला. त्या दिवशी मासा लागेना. भरती पूर्ण होऊन पाणी थबकलं, तोवरच्या चार तासांत आमिषाला कुणी शिवलं नाही. पाणी ओहोटीला लागलं तशी एक तांबोशी आली. तिच्या मागोमाग पुन्हा एक लहान हेकरू, तसंच फुगलेलं.

या वेळी मी हात ओले करून ते धरलं. जबड्यात आधीच पडलेल्या भोकातून उलटा गळ ओवला आणि शिसं हळूच पाण्यात सोडलं. तपकिरी पाठ हिरव्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. मी वाव मोजत दोरी सोडत होतो. दहाव्या वावाला दोरीला बारीक थरथर जाणवली, पंधराव्याला ती वाढली. खाली दाब वाढतो, हवा आकसते आणि माशाच्या अंगात पुन्हा बळ येतं, हे मी वाचलं होतं. आता ते बोटांना कळत होतं. शिसं तळाला टेकलं.

"आता द्या हिसका," तांडेल म्हणाले.

दोरी हलकी झाली. मी भराभर गुंडाळली. वर शिसं आलं, आणि गळ रिकामा.