वॉजेमपचा दगड

शनिवार, रात्री.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रॉटनेस्ट, म्हणजेच वॉजेमप, बेटाबद्दल लिहायचं तर दगडापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. हा दगड म्हणजे मुळात वाळू. शंख-शिंपल्यांचा चुरा वाऱ्याने टेकड्यांसारखा रचला. पावसात त्यातला चुना विरघळला, खाली झिरपला आणि कणांच्या फटींत पुन्हा घट्ट बसला. पश्चिम टोकाला, केप व्लामिंगजवळ, कड्याचा उभा छेद निरखून पाहिला तर तिरप्या रेघा दिसतात. त्या काळच्या वाळूच्या टेकड्यांचे उतार तसेच गोठलेले आहेत. फेअरब्रिज ब्लफचा खडक वेगळा: प्रवाळाचा जुना बांध, आणि तोही आजच्या समुद्रपातळीच्या वर. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा काही मीटर उंच होता, हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

दगड ठिसूळ आहे. पाण्याच्या रेषेवर तो आतून कोरला जातो, वर छज्जा उरतो आणि कधीतरी कोसळतो. म्हणून कड्याच्या टोकाशी उभं राहू नये, आणि ऊन टाळायला त्याच्या पोटात तर मुळीच बसू नये.

बेट फ्रीमँटल बंदरासमोर, साधारण 19 किलोमीटरवर. लांबी 11 किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त साडेचार. सुमारे 7000 वर्षांपूर्वी समुद्र चढेपर्यंत ते मुख्य भूमीला जोडलेलं होतं आणि या भागातले मूळ रहिवासी, नूंगार लोक, तिथे पायी जात. त्यांचं वॉजेमप ते हेच, आत्म्यांचा वास असलेली पाण्यापलीकडची जागा. 1696 साली डच कप्तान विलेम डे व्लामिंग इथे उतरला. इथले क्वोका (कांगारूच्या कुळातले, मांजराएवढे प्राणी) त्याला थोराड उंदीर वाटले आणि नकाशावरचं नाव त्यावरून पडलं: रॉटनेस्ट, म्हणजे उंदरांचं घरटं.

1838 साली इथे पहिले आदिवासी कैदी आणले गेले. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आणली, बरीच साखळदंडात. त्यातल्या अनेकांनी त्याआधी समुद्र पाहिलेलाही नव्हता. एकूण सुमारे 4000 पुरुष आणि मुलगे. त्यांतले किमान 373 इथेच मेले. तुरुंग कागदोपत्री 1904 मध्ये बंद झाला, पण कैद्यांकडून रस्ते आणि बांधकामाची कामं 1931 पर्यंत करून घेतली गेली. थॉमसन बेच्या जुन्या वस्तीतली पिवळसर घरं, समुद्राकाठची भिंत, मिठाचं कोठार, टेकडीवरचा पहिला दीपस्तंभ: दगड इथलाच, आणि तो फोडणारे, वाहणारे हात याच लोकांचे. सुट्टीसाठी येणाऱ्याला जे ‘जुनं, देखणं गाव’ वाटतं ते सक्तमजुरीने उभं राहिलेलं आहे. बेट पाहायचं तर हे माहीत असूनच पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

क्वॉड ही 1860 च्या दशकातली अष्टकोनी तुरुंगाची इमारत. विसाव्या शतकात तिच्या कोठड्यांच्या पर्यटकांसाठी खोल्या केल्या आणि 2018 पर्यंत लोक तिथे पैसे देऊन झोपत होते. तिच्या जवळच कैद्यांची दफनभूमी आहे. तिच्या काही भागावर कित्येक दशकं सुट्टीचे तंबू लागत. थडग्यांवर खुणा नव्हत्या हे खरं, पण खाली कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. 1917 साली बेटाला सार्वजनिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. खासगी बंगले आणि मोटारी नाहीत हे त्याचं मोठं सुख. दुर्दैवाने त्याच सुखाने आधीचं सगळं झाकलं गेलं.

झाडांची गोष्टही अशीच, वरवर पाहिलं तर कळत नाही. आज मधल्या भागात खुरटी काटेरी झुडपं दिसतात, आणि माणूस समजतो की बेट मुळातच उघडं. तसं नाही. इथे सायप्रस पाइन आणि मेलालूकाची राई होती. लाकूडतोड झाली, आगी लागल्या, 1955 मध्ये मोठा वणवा पेटला. पाइन आगीत मरतो, पुन्हा फुटत नाही. बाभळीच्या जातीची झाडं मुळांपासून फुटतात, पण कोवळा कोंब वर आला की क्वोका तो खाऊन टाकतो. म्हणून लागवड कुंपणातच करावी लागते आणि रोपांचे शेंडे क्वोकांच्या तोंडापलीकडे जाईपर्यंत कुंपण काढता येत नाही. कोल्हे नाहीत आणि मांजरं हटवली, म्हणून क्वोका इथे हजारोंनी आहेत. मुख्य भूमीवर मात्र थोड्याच ठिकाणी उरलेत. त्यांचं पोट पाला आंबवून पचवणारं. पाव-बिस्किटांनी ते बिघडतं. खायला देणं आणि हात लावणं, दोन्हींवर कायद्याने बंदी आहे.

जायचं असेल तर पहिला अर्धा तास दफनभूमीपाशी द्यावा, सायकल नंतर घ्यावी. उन्हाळ्यात (म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी) वाऱ्याचं वेळापत्रक पाळलं की निम्मे कष्ट वाचतात. सकाळी मतलई वारा पूर्वेकडून वाहतो. तो पाठीवर घेऊन पश्चिम टोक गाठावं. दुपारी नैर्ऋत्येकडून खारा वारा सुटतो, तो परतताना मागून ढकलतो. उलटं केलं तर दोन्ही वेळा वारा तोंडावर. पूर्ण फेरी साधारण 22 किलोमीटरची, चढ छोटे पण एकामागून एक. वस्ती सोडली की पिण्याचं पाणी मिळण्याच्या जागा फार कमी, म्हणून माणशी दोन लिटर तरी सोबत हवंच.

पोहायचंही वारा बघूनच ठरवावं. सकाळी दक्षिणेचे पार्कर पॉइंट आणि सॅमन बे शांत असतात. खारा वारा सुटला की तिथलं पाणी गढूळतं, मग उत्तरेला बेसिन किंवा जॉर्डी बेकडे वळावं. पार्कर पॉइंटला पाण्यात चेहरा घातला की पोसिलोपोरा प्रवाळ दिसतं. इतक्या दक्षिणेला ते टिकलंय, कारण लूविन प्रवाह उत्तरेकडून ऊबदार पाणी आणतो. त्यावर पाय ठेवू नये. फांद्या मोडतात आणि पायही कापतो.

सायकल परत करायला रांग लागते. शेवटच्या बोटीच्या तासभर आधी वस्तीत पोहोचलेलं बरं.