टायरखालचा अंधार

"गाडी छान आहे, पण ती तिथे उभी नाहीये." आज एक रेंडर, म्हणजे संगणकावर तयार केलेलं गाडीचं चित्र, बघताना शेजारचा सहकारी एवढंच म्हणाला, आणि दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

मॉडेल अचूक, रंग अचूक, मागे डोंगररस्त्याचा खरा फोटो. खटकत होतं ते टायर रस्त्याला टेकतो तिथे. खऱ्या गाडीच्या टायरखाली त्या बारीक फटीत जवळजवळ काळाकुट्ट अंधार असतो, बाहेरच्या बाजूला तो हळूहळू विरत जातो. इथे मात्र सगळी सावली एकसारखी करडी होती.

पत्र्याचं तर आणखी अवघड, तो जवळपास आरसाच. संगणकीय चित्रांचे संशोधक पॉल डेबेवेक यांनी १९९८ मध्ये चकचकीत गोळ्याचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन त्या जागेचा उजेड टिपायची आणि त्याच उजेडात कृत्रिम वस्तू बसवायची पद्धत मांडली. एचडीआरआय, म्हणजे गडद अंधारापासून लख्ख उजेडापर्यंत सगळं टिपलेला फोटो, वापरतो तेव्हा आपण तेच करतो. पण तो फोटो त्याच जागचा, त्याच वेळचा हवा. भलतीकडचं आभाळ बॉनेटवर लगेच उघडं पडतं.

मला नवल याचं वाटतं, की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तरी काहीतरी चुकतंय हे त्याला बरोबर कळतं. तुमची नजर आधी कुठे जाते, सावलीकडे की चकाकीकडे?