औषध ‘नापास’ झाल्याची बातमी आली की आधी बॅच नंबर बघा

‘पॅरासिटामॉल दर्जाच्या चाचणीत नापास.’ सप्टेंबर २०२४ मध्ये वर्तमानपत्रांपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत ही ओळ फिरत होती. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने, म्हणजे सीडीएससीओने, ऑगस्टची यादी प्रसिद्ध केली होती. तीत पन्नासहून अधिक नोंदी होत्या आणि त्यांत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमचंही नाव होतं. बातमीत औषधाचं नाव आलं, पण यादीत त्या नावापुढे असलेले बॅच नंबर, उत्पादन महिना, एक्स्पायरी, उत्पादकाचा पत्ता आणि नापास होण्याचं कारण हे रकाने बहुतेक बातम्यांनी गाळून टाकले. घरातली पट्टी ठेवायची की बाजूला काढायची हे ठरतं मात्र त्याच रकान्यांवरून.

ही यादी दर महिन्याला निघते आणि ती सीडीएससीओच्या संकेतस्थळावर ‘नोटिफिकेशन्स’मध्ये ‘अलर्ट्स’खाली मिळते. सध्या केंद्राच्या प्रयोगशाळांची एक आणि राज्यांच्या प्रयोगशाळांची एक, अशा दोन याद्या येतात. एकच उघडून ‘आपलं औषध नाही’ म्हणून निर्धास्त होऊ नये. यादीवर एनएसक्यू, म्हणजे ‘नॉट ऑफ स्टँडर्ड क्वालिटी’, असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाच्या कागदांत त्यालाच अप्रमाणित दर्जाचं औषध म्हणतात. बनावट औषध ही कायद्यात वेगळी गोष्ट आहे (औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०, कलम १७-ब). बनावटमध्ये दुसऱ्याच्या नावाने माल बाजारात आणलेला असतो. अप्रमाणित माल खऱ्या कारखान्यातूनच आलेला असतो, फक्त मानकाला उतरलेला नसतो. बनावट म्हणून नोंद झालेल्या मालाबाबत पाकिटावर नाव असलेला उत्पादक बहुतेक वेळा ‘ही बॅच आमची नाहीच’ असं कळवतो आणि यादीत तशी टीप येते. बातमीत मात्र दोन्ही प्रकार एकाच आकड्यात मिसळून जातात.

आता कारणाचा रकाना. माझ्या मते यादीतला सगळ्यात बोलका भाग हाच, आणि तो वाचणारे सगळ्यात कमी.

गोळ्यांमध्ये ‘डिसोल्यूशन’ हे कारण वारंवार दिसतं. गोळीत औषध पुरेसं असलं तरी ते ठरलेल्या वेळात विरघळून बाहेर आलं नाही, असा त्याचा अर्थ. ही चाचणी टप्प्याटप्प्याने होते. समजा मानक ८० टक्के आहे. पहिल्या सहा गोळ्यांपैकी प्रत्येकीने किमान ८५ टक्के औषध सोडायला हवं. तसं झालं नाही तर आणखी सहा गोळ्या घेतात. मग बाराची सरासरी ८० च्या खाली जाता कामा नये आणि एकही गोळी ६५ च्या खाली नको. तरीही जमलं नाही तर आणखी बारा घेऊन तिसरी संधी मिळते. म्हणजे या कारणाने नापास झालेली बॅच सहसा एखाद्या चुकार गोळीमुळे नापास झालेली नसते. अशा गोळीने विषबाधा होत नाही, पण औषध उशिरा किंवा अपुरं लागू पडतं. डोकेदुखीच्या गोळीत हे निभावून जाईल. फिटच्या किंवा हृदयाच्या औषधात निभावणार नाही.

‘अ‍ॅसे’ म्हणजे औषधाचं प्रत्यक्ष प्रमाण. पॅरासिटामॉल गोळ्यांसाठी भारतीय औषधकोशाची, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाची, मर्यादा लेबलच्या ९५ ते १०५ टक्के आहे. ९३ टक्के भरलं तरी बॅच नापास आणि ४० टक्के भरलं तरी नापासच, यादीत दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. ही या यादीची मोठी उणीव आहे. काही नोंदींत नेमका आकडा असतो, बऱ्याच नोंदींत नसतो. शिवाय प्रमाण कमी भरलं म्हणजे कारखान्यानेच कमी घातलं असं लगेच म्हणता येत नाही. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड ओलाव्याने झपाट्याने खराब होतं आणि ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनला थंडावा लागतो. नमुना दुकानातून किंवा सरकारी भांडारातून उचललेला असेल, तर वाहतूक आणि साठवण यांचाही दोष त्यात असू शकतो.

‘डिस्क्रिप्शन’ किंवा ‘युनिफॉर्मिटी ऑफ वेट’ ही त्यामानाने सौम्य कारणं: रंग, डाग, वजनातली तफावत. वजन बघताना वीस गोळ्या घेतात. २५० मिलिग्रॅमहून जड गोळीला सरासरीच्या ५ टक्के वर-खाली चालतं, हलक्या गोळ्यांना थोडी जास्त सूट असते. इंजेक्शन किंवा सलाइनसमोर मात्र ‘स्टरिलिटी’, ‘बॅक्टेरियल एंडोटॉक्सिन’ किंवा ‘पार्टिक्युलेट मॅटर’ दिसलं तर ते गंभीर समजा. थेट रक्तात जाणाऱ्या द्रवात जंतू, त्यांचं विष किंवा कण सापडले, असा त्याचा अर्थ होतो.

आणि सिरपसमोर ‘डायएथिलीन ग्लायकॉल’ हे शब्द आले तर पुढचं काही वाचत बसू नका, बाटली बाजूला काढा. सिरपमध्ये वापरल्या जाणाऱ्या ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये या विषारी द्रव्याची मर्यादा ०.१ टक्के आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने तपासलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या एसआर-१३ बॅचमध्ये ते ४८.६ टक्के निघालं. मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन मृत्यू झाले, ते याच सिरपच्या संदर्भात. महाराष्ट्राला हे विष नवं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला. चाळीस वर्षांनीही विष तेच आणि वाटही तीच: औषधी दर्जाच्या जागी दुसऱ्याच दर्जाचा द्रव, आणि वापरण्याआधी त्याची तपासणी नाही.

कोल्ड्रिफच्या वेळी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने काढलेली सूचना मला चांगल्या सूचनेचा नमुना वाटते. नाव, बॅच एसआर-१३, उत्पादन मे २०२५, एक्स्पायरी एप्रिल २०२७, वापर तात्काळ थांबवा, आणि कळवण्यासाठी टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. सामान्य माणसाला लागतं ते एवढंच. मासिक यादीला ही धार नसते, कारण ती मुळात तातडीची सूचना नाहीच.

तातडीची का नाही, हे नमुन्याचा प्रवास पाहिला की कळतं. औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हा त्याच १९४० च्या कायद्यातल्या कलम २३ प्रमाणे त्याचे चार भाग होतात: एक दुकानदाराला, एक शासकीय विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी आणि एक त्या उत्पादकाला किंवा पुरवठादाराला. विश्लेषकाने ६० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल हाती आल्यावर उत्पादकाला तो अमान्य असल्याचं कळवायला २८ दिवस असतात. मग न्यायालयाच्या आदेशाने नमुना कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत जाऊ शकतो आणि तिथला निकाल अंतिम. निरीक्षकाने नमुना उचलला आणि यादीत नाव झळकलं, यांच्यामध्ये कित्येक आठवडे जातात. खपाचं औषध तोवर दुकानातून संपलेलं असतं. रिकॉलच्या, म्हणजे बाजारातला माल परत मागवण्याच्या, मार्गदर्शक सूचनांत गंभीर दोषासाठी २४ ते जास्तीत जास्त ७२ तास, त्याखालच्या दोषासाठी १० दिवस आणि किरकोळ दोषासाठी ३० दिवस अशी मुदत आहे. पण रिकॉल बहुधा घाऊक विक्रेता आणि दुकान इथवरच पोहोचतो. तुमच्या कपाटातली पट्टी परत मागायला कोणी येत नाही.

म्हणून जुळवाजुळव स्वतःच करावी लागते, आणि ती करताना लोक दोन ठिकाणी हमखास फसतात. एक म्हणजे कंपनीचं नाव. पाकिटावर मोठ्या अक्षरांत असते ती ‘मार्केटेड बाय’ कंपनी. यादीतला रकाना ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’चा असतो, तो पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत सापडतो. एकच कारखाना दहा ब्रँड बनवतो आणि एकच ब्रँड दोन कारखान्यांतून येतो. दुसरी जागा बॅच नंबरची. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि ‘आय’, आठ आणि ‘बी’ यांची गल्लत होते. बॅच, उत्पादन महिना, एक्स्पायरी आणि कारखाना हे चारही जुळले तरच ती तुमची पट्टी. नुसता बॅच नंबर जुळून भागत नाही, दोन वेगळ्या कारखान्यांचा नंबर सारखा असू शकतो.

मुळात पट्टीवर बॅच शिल्लक असायला हवी. सुट्या चार गोळ्या घेताना दुकानदार बहुधा छापील टोक स्वतःकडे ठेवून कोरा भाग कापून देतो. अशा वेळी बिल मागा, त्यावर बॅच आणि एक्स्पायरी असते. घरी गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरायची सवय असेल तर रिकामी पट्टी गोळ्या संपेपर्यंत टाकू नका. १ ऑगस्ट २०२३ नंतर बनलेल्या ३०० ठरावीक ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. स्कॅन केल्यावर आलेली बॅच, तारखा आणि उत्पादन परवाना क्रमांक पट्टीवरच्या छापील मजकुराशी ताडून पाहा. कोड नसला म्हणजे औषध बनावट असं नव्हे, कदाचित ते त्या तीनशेत नसेल. आणि कोड आहे म्हणजे सगळं खरं असंही नाही, छापील चित्राची नक्कल करता येते.

चारही गोष्टी जुळल्या तर ती पट्टी बाजूला ठेवा, पण औषध थांबवू नका. बातमीमुळे होणारं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. ‘बीपीची गोळी नापास’ हे ऐकून माणूस गोळीच बंद करतो. क्लोनिडीन किंवा मेटोप्रोलॉल अचानक सोडलं तर रक्तदाब उसळतो किंवा छातीत दुखू लागतं. फिटचं औषध सोडलं तर फिट येते. बरेच दिवस चालू असलेलं प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड एकदम बंद करणं तर सरळ धोक्याचं. त्याच दिवशी त्याच घटकाची, त्याच ताकदीची, वेगळ्या बॅचची पट्टी घ्यावी आणि डॉक्टरांच्या कानावर घालावं. जुनी पट्टी कचऱ्यात टाकू नये. बिलासह दुकानात दाखवावी आणि जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे) कार्यालयाला कळवावं.

विषारी सिरपच्या बाबतीत नियम उलटा: ताबडतोब बंद, बाटली मोरीत ओतायची नाही, पुरावा म्हणून जपायची. मूल आधीच ते प्यायलं असेल आणि लघवी कमी झाली, उलट्या, पोटदुखी किंवा गुंगी दिसली, तर बाटली घेऊनच रुग्णालय गाठा. सिरपचं नाव कळलं तर उपचाराची दिशा लवकर ठरते. कोल्ड्रिफच्या प्रकरणानंतर ३ ऑक्टोबर २०२५ ला आरोग्य सेवा महासंचालनालयाने सल्ला काढला: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा शिफारस केलेली नाहीत. बॅच कोणतीही असो, हा सल्ला लागू आहे.

बंदीची अधिसूचना हा आणखी वेगळा कागद. कलम २६-अ खाली केंद्र सरकार एखाद्या घटकमिश्रणाचं उत्पादन, विक्री आणि वितरण थांबवतं, त्यात बॅचचा प्रश्नच येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्रणांवर बंदी आली. त्यात अ‍ॅसिक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम ही गोळी होती. बातम्यांत ‘अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल बंद’ असं आलं आणि १०० अधिक ३२५ ची नेहमीची गोळी घेणारे घाबरले. इथे मिलिग्रॅमचा आकडा वाचल्याशिवाय काही ठरत नाही. अशा बंद्या न्यायालयातही जातात. मार्च २०१६ ची ३४४ मिश्रणांवरची बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. ब्रँडचं नाव तेच ठेवून आतला घटक बदलण्याची चालही जुनी आहे, त्यामुळे नाव ओळखीचं असलं तरी घटक वाचावेत.

तिसरा प्रकार दुष्परिणामाच्या इशाऱ्याचा. तो गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून येतो. नोव्हेंबर २०२३ अखेरीस मेफेनॅमिक अ‍ॅसिड या वेदनाशामकाबद्दल असा इशारा आला: ड्रेस नावाची तीव्र अ‍ॅलर्जिक प्रतिक्रिया होऊ शकते. ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं, यकृतावर परिणाम, आणि हे सगळं औषध सुरू केल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी. त्या इशाऱ्यात औषध मागे घेतलेलं नव्हतं, डॉक्टरांना आणि रुग्णांना लक्ष ठेवायला सांगितलं होतं. असे अनुभव रुग्ण स्वतःही १८००-१८०-३०२४ वर कळवू शकतो. कळवताना औषधाचं नाव, बॅच, कधी सुरू केलं, कधी त्रास झाला आणि सोबत दुसरी कोणती औषधं चालू होती हे हाताशी ठेवा.

संशय असेल पण यादीत नाव नसेल, तर कलम २६ खाली ग्राहकाला स्वतः नमुना तपासून घेता येतो. अर्ज फॉर्म १४-अ मध्ये शासकीय विश्लेषकाकडे करायचा, शुल्क चाचणीनुसार भरायचं, अहवाल फॉर्म १४-ब मध्ये मिळतो. ग्राहक संघटनेमार्फतही जाता येतं. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नमुन्याच्या संख्येवर. वजनाला वीस गोळ्या, विरघळण्याला सहा ते चोवीस, शिवाय प्रमाण मोजायला वेगळ्या. पट्टीत उरलेल्या तीन गोळ्यांवर काहीच सिद्ध होत नाही. एकाच बॅचच्या न फोडलेल्या पट्ट्या आणि त्यांचं बिल लागतं, आणि किती गोळ्या लागतील हे पट्ट्या विकत घेण्याआधी प्रयोगशाळेला विचारून घ्यावं.